तिसऱ्या पिस्टनचा ठोका

गाडीचा तो आवाज पहिल्यांदा ऐकला नर्सनं, आणि ऐकल्याबरोबर तिनं माफी मागितली.

"बाई, माझंच काहीतरी चुकलं."

गाडी पुलाच्या चढावर होती, दुसऱ्या गिअरमध्ये. गाडीच्या पोटातून ठक, ठक, ठक असा आवाज येत होता, आत कुणी अडकलंय आणि दार ठोठावतंय असा. नर्सची चौथीच शिकवणी होती. स्टिअरिंग तिनं अशा ताकदीनं धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती.

"तुझं काही चुकलेलं नाही," शेजारच्या सीटवरून मास्तरीण म्हणाली. "क्लच नीट सोडलास, गिअर वेळेवर टाकलास. चढ संपला की डावीकडे घे आणि बंद कर."

तिला सगळे मास्तरीणच म्हणायचे. एकोणीस वर्षं ती लोकांना गाडी शिकवत होती. लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती. दोन खोल्या, खाली फाटक, फाटकाशी गाडी, एवढाच तिचा संसार. शिकायला येणाऱ्या बहुतेक बायका. कुणाला नवऱ्यानं दोनदा शिकवून तिसऱ्यांदा ओरडून सोडून दिलेलं, कुणाला पन्नाशीत पहिल्यांदाच हौस आलेली. या सगळ्यांना एक खोड होती. गाडीत काहीही झालं, साधा हॉर्न वाजेनासा झाला, तरी आपलंच चुकलं असं धरून चालायचं. ही खोड मोडण्यात मास्तरणीची अर्धी शक्ती जायची.

जुनी गाडी गंजून चाळण झाली म्हणून ही घेऊन तिला जेमतेम नऊ दिवस झाले होते. घेतली होती भावोजींकडून, म्हणजे सख्ख्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याकडून. वापरलेल्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा त्यांचा मोठा धंदा. "घरचाच माणूस आहे, डोळे मिटून घे," असं ताईनं सांगितलं होतं, आणि मास्तरणीनं खरोखरच डोळे मिटले होते.

नर्सला रिक्षात बसवून दिल्यावर तिनं गाडी निवू दिली, बॉनेट उघडलं आणि ती पुन्हा चालू केली. थंड होती तोवर आवाज दबका होता. जसजशी गाडी तापली तसतसा तो चढत गेला. रेस दिली की ठोके जलद, पाय काढला की क्षणभर खडखडून पुन्हा एका लयीत. वरून येत नव्हता. खालून, खोलातून येत होता. मास्तरणीला पाना धरता येत नव्हता, पण तिचे कान एकोणीस वर्षं इंजिनाशेजारी बसलेले होते. तिनं गाडी बंद केली ती पुन्हा चालू केली नाही. टो करून थेट भावोजींच्या यार्डात नेली.

भावोजी एकेकाळी स्वतः मिस्त्री होते. हात असा की तीस वर्षांपूर्वीचे लोक अजून नाव काढत. आता पांढरा शर्ट, हातात फोन, आणि प्रत्येक गाडीच्या काचेवर चिकटवलेलं 'एकाच हातची' हे प्रमाणपत्र. यार्डात दोन-तीन गिऱ्हाइकं हिंडत होती. काचेच्या केबिनमध्ये ताई कागदपत्रं लावत बसली होती.

भावोजींनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. टपावर हात टेकून ते हसले.

"मेहुणीबाई, शिकाऊ बायकांच्या हाती गाडी दिली की इंजिन बोंबलणारच. चढावर तिसऱ्यात घालतात, उतारावर पहिल्यात. गाडी आहे ती, पिठाची गिरणी नव्हे."

गिऱ्हाइकं हसली. मास्तरणीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"भावोजी, माझ्या पायाशी दुसरा ब्रेक आहे आणि दुसरा क्लच आहे. माझ्या गाडीत कोण काय घालतं ते मला कळतं. नऊ दिवसांत इंजिन बिघडत नाही. ते आधीच बिघडलेलं असतं."

"म्हणजे मी फसवलं तुला?"

ताई केबिनच्या दारात आली. "अगं, जाऊ दे ना. घरातल्या गोष्टी चारचौघांत कशाला?"

"चारचौघांत मी नाही बोलले, ताई. बायकांची गिरणी चारचौघांतच निघाली." एवढं बोलून ती फाटकाबाहेर आली. आल्यावर तिनं फाटक धाडकन आपटलं. चोर तो चोर आणि वर शिरजोर, याची चीड होती ती.

दुसऱ्या दिवशी तिनं गाडी टो करून मोठ्या वर्कशॉपात नेली. तिथे फरशी आरशासारखी, आणि बसायला मऊ कोच. गळ्यात टाय बांधलेल्या माणसानं आधी तिच्या मागे पाहिलं, कुणी पुरुष आहे का म्हणून. मग विचारलं, "घरातलं कुणी जाणकार आलं नाही का?"

"मीच आलेय."

त्यानं अर्धं मिनिट आवाज ऐकला, संगणकावर बोटं आपटली आणि सांगितलं, पूर्ण इंजिन बदला. का, कशामुळे, काय तुटलंय, यांतल्या एकाही प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. "न उघडताच कळलं?" असं तिनं विचारल्यावर तो म्हणाला, "मॅडम, हे तांत्रिक आहे."

तिनं पुन्हा टो बोलावला.

शेवटी ती कर्णाकडे गेली. कर्णा हे मिस्त्रीचं टोपणनाव. आयुष्यभर इंजिनांत डोकं घालून त्याचा डावा कान पार गेला होता आणि उजवा मर्जीनं चालायचा. त्यामुळे तो बोलायचा ते ओरडूनच. त्याच्याकडे गाडी दुरुस्तीला टाकली की तिचं दुखणं पलीकडच्या रस्त्याला कळायचं. पत्र्याच्या शेडमध्ये एक खड्डा, एक जॅक, भिंतीवर ओळीनं पाने.

"आवाज कसा आहे?" तो ओरडला. "मला नीट ऐकू येत नाही. तुम्ही सांगा!"

दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारत होतं. मास्तरणीनं सगळं सांगितलं. थंडपणी कमी, गरम झाल्यावर जास्त. टिकटिक नाही, ठकठक. चढावर वाढतो.

"टॅपेट असतील," कर्णानं ठरवून टाकलं.

"टॅपेटचा आवाज वरून येतो. शिवणाच्या मशीनसारखा. हा खालून येतोय."

"बाई, तीस वर्षं करतोय मी हे!"

"मग तीस वर्षांतली पंधरा मिनिटं घालवा आणि बघा."

कर्णानं हट्टानं टॅपेट सेट केले. गाडी चालू केली. तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. आवाज जिथल्या तिथे होता. मग मात्र त्यानं कपाळाला हात लावला, पट्टा काढून पुली हलवून पाहिली, इंजिनाचे पाये तपासले, आणि सगळं घट्ट आहे म्हटल्यावर एक लांब स्क्रू-ड्रायव्हर आणला. त्याचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून तो डोळे मिटून उभा राहिला. कान गेला तरी हाड जिवंत होतं.

"आता मी एकेका प्लगची वायर काढतो," तो म्हणाला. "फरक पडला की हात वर करा."

पहिली वायर काढली. इंजिन लंगडलं, ठोका तसाच. दुसरी, तसाच. तिसरी काढली आणि ठोका एकदम मऊ पडला, उशीवर बुक्का मारावा तसा. मास्तरणीचा हात आणि कर्णाचा हात एकाच वेळी वर गेले.

"तिसरा!" कर्णा ओरडला. "बेअरिंग गेलंय, बाई. तुमचे कान मला द्या!"

त्यानं तेल सोडलं. ते मधासारखं घट्ट निघालं, धार तुटता तुटेना. परातीत पडल्यावर उजेडात धातूची चकचकीत भुकटी दिसली. कर्णाचा चेहरा बदलला.

"हे तेल कुणी घातलं? ट्रकच्या इंजिनालाही एवढं जाड घालत नाहीत."

"मी नाही घातलं. गाडी आली तशीच आहे."

मग त्यानं ओरडायचं सोडून थेट पाना घेतला, आणि कर्णा गप्प म्हणजे प्रकरण गंभीर. त्यानं इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं. तेल खेचणारी जाळी काळ्या चोथ्यानं अर्धी बुजली होती. तिसऱ्या पिस्टनच्या दांड्याची टोपी त्यानं सोडवली. पिस्टनचा दांडा खाली क्रँकच्या ज्या दंडाला धरून फिरतो, तिथे दोन अर्धगोल गुळगुळीत पत्रे असतात, तेच बेअरिंग. खालचा पत्रा नव्हताच. त्या जागी काहीतरी काळं, चेंगरलेलं बसवलं होतं. कर्णानं ते चिमट्यानं ओढून काढलं, रॉकेलमध्ये खळबळलं आणि उजेडात धरलं.

चामड्याची पट्टी.

"हे काय आहे?" मास्तरणीनं विचारलं, जरी तिला अर्धवट समजलं होतं.

"हा पाप्याचा धंदा आहे!" कर्णा असा ओरडला की पलीकडचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. "बेअरिंग झिजलं की ठोका येतो. तिथे चामडं कोंबायचं, वर जाड तेल ओतायचं. आठ-दहा दिवस गाडी मांजरासारखी गुरगुरते. तेवढ्यात विकून मोकळं व्हायचं! आणि हा चोथा बघा जाळीत. आणखी थोडा साचला असता तर तेल बंद, इंजिन जाम. चालत्या गाडीत!"

चालत्या गाडीत. मास्तरणीला पुलाचा चढ आठवला. मागे बस होती. इंजिन तिथे जाम झालं असतं तर नर्सनं काय केलं असतं? आणि मग लोकांनी काय म्हटलं असतं? शिकाऊ बाई होती, दुसरं काय होणार. भावोजींनी तर वर्तमानपत्राच्या आधी म्हटलं असतं.

घरच्या माणसानं केसानं गळा कापला होता, आणि तोही हसत हसत, टपावर हात टेकून. तिनं ती पट्टी एका फडक्यात गुंडाळली.

"मी येतो!" कर्णा म्हणाला.

"तुम्ही नका येऊ. तुम्ही आलात तर सगळ्या शहराला ऐकू जाईल."

"म्हणूनच येतो!"

यार्डात एक तरुण जोडपं एका निळ्या गाडीभोवती फिरत होतं. बाईच्या कडेवर झोपलेलं मूल. भावोजी त्यांना काचेवरचं 'एकाच हातची' वाचून दाखवत होते. मास्तरणीला बघून त्यांनी घाईघाईनं तिला केबिनमध्ये नेलं. कर्णा मागोमाग आला आणि दार उघडंच ठेवून उभा राहिला. ताई टेबलाशी होती.

मास्तरणीनं फडकं टेबलावर उलगडलं. "भावोजी, तिसऱ्या पिस्टनखाली हे निघालं. कुठल्या शिकाऊ बाईनं घातलं, सांगता?"

भावोजींनी पट्टीकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा शहाजोगपणा हळूहळू उतरला, पण शरम काही आली नाही. आली ती चिडचिड.

"हळू बोल. अगं, ती गाडी तुझ्यासाठी नव्हतीच! परक्या कुणाला तरी जायची होती. तूच हट्ट धरलास, हीच हवी म्हणून. गिऱ्हाइकांसमोर मी काय सांगणार होतो?"

आतापर्यंत मास्तरणीचा राग एका माणसावर होता, एका लबाडीवर होता. हे ऐकल्यावर तो त्या दोहोंत मावेना. हे त्यांचं समर्थन होतं. घरच्यांचा नसता कापला गळा, चुकून कापला गेला.

"परकं कुणीतरी म्हणजे कोण, भावोजी? ते बाहेर मूल घेऊन उभे आहेत, ते?"

"धंद्यात सगळेच करतात."

"मी नाही करत!" कर्णा दारातून गरजला. "आणि तुम्हीही करत नव्हता! तुमचा हात बघून आम्ही पाना धरायला शिकलो!"

बाहेरच्या जोडप्यानं माना वळवल्या.

या सगळ्यात ताईनं पट्टी उचलली होती. ती एका टोकाला दुमडलेली होती. ताईनं दुमड नखानं उलगडली. आत तेल पोचलं नव्हतं. तिथे मूळचा डाळिंबी रंग शिल्लक होता, आणि कडेनं पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी शिवण.

"हा माझ्या पर्सचा पट्टा आहे," ताई म्हणाली.

"तू दिलेली पर्स," ती मास्तरणीला म्हणाली, आणि मग नवऱ्याकडे वळली. "तुम्ही मागितलात. म्हणालात, ताडपत्री बांधायला चामड्याचा मजबूत तुकडा हवाय. मी पर्स तशीच ठेवली होती, पट्टा तेवढा काढून दिला. माझ्या हातानं दिला तुम्हाला." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आणि मीच हिला म्हटलं, डोळे मिटून घे."

"अगं, तू उगाच..."

"परवा ही इथे आली तेव्हा मी हिलाच गप्प केलं. घरातल्या गोष्टी म्हणून."

ताई उठली. बत्तीस वर्षं ती त्या माणसाच्या प्रत्येक बोलण्यावर पांघरूण घालत आली होती; भावोजींना वाटलं, आताही ती पाण्याचा ग्लास आणायला चाललीय. पण ती केबिनमधून थेट यार्डात गेली आणि मूल कडेवर घेतलेल्या त्या बाईसमोर उभी राहिली.

"ही गाडी घेऊ नका," ती म्हणाली. "घ्यायचीच असेल तर आधी खालचं चेंबर उघडून बघा. हे मिस्त्री उघडून देतील."

"देतो!" कर्णा म्हणाला.

जोडपं निघून गेलं. भावोजी पांढऱ्या शर्टात उभेच. ताईनं फाटक लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरली.

"हिची गाडी नीट होईपर्यंत यार्ड उघडणार नाही. आणि ती दुसऱ्या कुणी नीट करायची नाही. तुम्ही करायची. तुमच्या हातानं."

भावोजींनी आरडाओरडा केला, लोक काय म्हणतील ते सांगितलं, मग छातीत दुखतंय असंही म्हणून पाहिलं. ताई म्हणाली, "हिची विद्यार्थिनी नर्स आहे, बोलावते." दुखणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कर्णाच्या शेडवर आले, जुना शर्ट घालून, कुणाशी न बोलता. इंजिन उतरवलं, क्रँक बाहेर काढला. तिसऱ्या दंडावर ओरखडे होते. लेथवर पाठवून तो घासून आणला. प्रत्येक तेलाच्या भोकातून तार फिरवून, हवा मारून चामड्याचा शेवटचा धागा काढला. तेलाचा पंप नवा, जाळी नवी, चारही दांड्यांना नवी बेअरिंग. बसवताना भावोजींनी फट मोजायला मेणासारखी एक बारीक दोरी दंडावर ठेवली, टोपी आवळली, पुन्हा सोडली आणि दोरी किती चपटी झाली ते पट्टीवर मोजलं. एकदा नव्हे, प्रत्येक दांड्याला दोनदा. मास्तरीण स्टुलावर बसून बघत होती. हात खरंच सुरेख होता. त्याचाच तिला जास्त राग आला. ज्याला येत नाही त्यानं फसवलं तर एक वेळ समजू शकतं.

"किती गाड्यांत घातलंत हे?" तिनं विचारलं.

पान्याचा आवाज थांबला. "दोन," गाडीखालून उत्तर आलं. मग थोड्या वेळानं, "तुझी धरून तीन."

"कुणाला विकल्या?"

"एक इथल्याच बेकरीवाल्याला. दुसरी... दुसऱ्या गावचा दलाल घेऊन गेला."

तिसऱ्या संध्याकाळी गाडी चालू केली. कर्णानं हाडाला स्क्रू-ड्रायव्हर लावला, पण बघितलं मास्तरणीकडेच. ती बॉनेटवर वाकून ऐकत राहिली. थंडपणी, गरम झाल्यावर, रेस देऊन, रेस सोडून. ठोका नव्हता. भावोजी हात पुसत वाट बघत होते, ती काहीतरी म्हणेल म्हणून. शाबासकीची अपेक्षा असावी. तिनं बॉनेट खाली केलं.

"आता बेकरीवाल्याकडे चला," ती म्हणाली.

बेकरीवाल्याला काहीच माहीत नव्हतं. आवाज येतोय खरा, तो म्हणाला, पण पावाच्या फेऱ्या जास्त होतात, मीच गाडी दामटतो, माझीच चूक. मास्तरणीनं भावोजींकडे नुसतं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि त्याला सगळं सांगितलं, स्वतःच्या तोंडानं. बेकरीवाल्यानं त्यांना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती गाडीही कर्णाच्या शेडमध्ये आली.

तिथून मास्तरीण नर्सच्या घरी गेली. नर्स ड्युटी संपवून नुकतीच आली होती. दारातच तिनं विचारलं, "बाई, गाडी फार बिघडली का हो? मी खर्चात..."

"गप्प बस," मास्तरीण म्हणाली. "इंजिनात चामडं कोंबलेलं होतं. गाडी येण्याआधीपासून. तुझं काही चुकलं नव्हतं, हे तेव्हाही सांगितलं होतं. आता कागदावर लिहून देऊ?"

नर्स हसली, आणि मग तिचे डोळे भरून आले, कशानं कोण जाणे. परवापासून पुन्हा शिकवणी, पुलावरूनच, असं ठरलं.

तिसरी गाडी मात्र सापडली नाही. दलालानं ती आपल्या मेहुण्याला विकली होती, मेहुण्यानं आणखी पुढे. ताईनं दहा ठिकाणी फोन केले. कर्णानं येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ओरडून विचारलं. मास्तरणीनं गाडी शिकवणाऱ्या सगळ्यांना त्या गाडीचा नंबर देऊन ठेवला.

दोन महिन्यांनी सगळे ताईकडे जेवायला जमले होते. यार्ड पुन्हा उघडलं होतं. किल्ली ताईकडेच असायची, आणि चेंबर उघडून दाखवल्याशिवाय गाडी बाहेर जात नव्हती. भावोजी आता पूर्वीसारखे हसू लागले होते. हात धुता धुता ते म्हणाले, "झालं ते झालं. आता किती दिवस तेच धरून बसणार तुम्ही दोघी?"

"सापडेपर्यंत," ताई म्हणाली.

मास्तरणीनं ताट बाजूला सरकवलं आणि पिशवीतून वही काढली. "त्या दलालाचा मेहुणा कुठे असतो म्हणालात, भावोजी? पत्ता सांगा. आठवत नसेल तर आठवेपर्यंत बसते मी."